खिलार प्रदर्शनाचं गुणपत्रक आणि नियम कसे ठरवावेत? (वळू, खोंड, कालवड, बैलजोडी)

माणदेशी_झवेरीबाजार

नमस्कार मंडळी. आमच्या आटपाडी तालुक्यातल्या गावाचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे, बहुतेक सगळे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे). यात्रेला गावात खिलार जनावरांचं प्रदर्शन भरवतो. वर्गणी, बक्षिसं, मांडव सगळं इथून ठरतं. जनावरं साधारण साठ-सत्तर येतात.

अडचण निकालाची आहे. तीन परीक्षक शंभरपैकी गुण देतात, आम्ही बेरीज करतो. मागच्या खेपेला दोन परीक्षकांनी ज्या वळूला पहिला ठरवला तो बेरजेत दुसरा आला आणि मांडवातच वाद पेटला. वयाच्या गटावरूनही भांडण झालं. एका खोंडाचा कायमचा दात अर्धा आलेला होता, मालक म्हणाला आदत (सगळे दुधाचेच दात असलेला) धरा.

यंदा नियम छापूनच द्यायचे आहेत. मला हवं ते असं:
१) गट कसे पाडावेत?
२) गुणपत्रकात कशाला किती गुण?
३) तीन परीक्षकांचा निकाल एकत्र कसा करायचा?
४) काहीजण म्हणतात परदेशातल्या बीफ कॅटल शोचे नियम उचला, ते फार शास्त्रशुद्ध असतात. ते आपल्याला लागू पडतात का?

परळ_पशुवैद्य

पहिल्या दोन प्रश्नांचं सांगतो.

गट दातांवर पाडा, तोंडी वयावर नको. गायबैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालचे आठच मोजायचे आणि ते जोडीने पडतात-येतात. आपल्या देशी जनावरात पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत, दुसरी तिसऱ्या वर्षाच्या आसपास, तिसरी साडेतीन ते चार आणि चौथी साडेचार-पाच वर्षांत येते. संकरित जनावराचे दात लवकर येतात. म्हणून दात बघून 'इतके महिने' असं लिहू नका, फक्त गट लिहा: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला (आठही कायमचे दात आलेला).

अर्ध्या दाताचं भांडण एका वाक्यात संपतं, ते वाक्य नियमात आधीच हवं: 'दुधाचा दात पडून कायमच्या दाताची कड हिरडीबाहेर दिसली की तो दात आला असं धरलं जाईल. जोडीतला एक जरी दिसला तरी जोडी धरली जाईल.' दात तपासणारा माणूस परीक्षकांपैकी नको. तपासणी नोंदणीच्या टेबलाजवळ, मालकासमोर, रिंगणात यायच्या आधी. एका हाताने नाकपुड्यांमधला पडदा धरायचा, दुसऱ्याने खालचा ओठ खाली ओढायचा, मालकाला दाखवायचं आणि लगेच कार्डावर लिहून त्याची सही घ्यायची. वेसण ओढून तोंड उघडू नका, जनावर बिथरतं आणि पुढे रिंगणात चालत नाही.

साठ-सत्तर जनावरांना एवढे गट पुरे: आदत खोंड, दोन ते चार दाती खोंड, सहा दाती आणि जुळलेला वळू, आदत कालवड, गाय, बैलजोडी. एखाद्या गटात चारपेक्षा कमी जनावरं आली तर तो शेजारच्या गटात मिसळायचा, हेही छापा. नाहीतर दोन जनावरांच्या गटात दुसरा नंबर म्हणजे शेवटचा नंबर, आणि त्यालाही ढाल द्यावी लागते.

आता गुणपत्रक. हे मी सुचवतोय, सरकारी नमुना म्हणून छापू नका. वळूसाठी:

जातीची लक्षणं – २५. त्यात डोकं आणि कपाळ ८, शिंगं ७, कान-डोळे ३, रंग आणि कातडी ७.
बांधा – ३०. छाती १०, पाठ आणि कंबर १०, पुठ्ठा ५, वशिंड आणि पोळी (गळ्याखालची कातडीची घडी) ५.
पाय, खूर, चाल – ३०. पुढचे पाय ७, मागचे पाय ८, खूर ७, चाल ८.
प्रजननाची लक्षणं – १०.
स्वभाव – ५.

कालवड आणि गायीला प्रजननाच्या जागी कास आणि सड धरा. बैलजोडीला पायांचे गुण ४० करा, जातीचे २०, बांधा ३०, स्वभाव आणि जोड १०. जोड म्हणजे उंची, रंग, शिंगाचा बाक आणि मुख्य म्हणजे पावलाची लांबी. उंचीने जुळलेली पण पावलाने न जुळलेली जोडी गाड्याला एका बाजूला ओढते.

खिलारात काय बघायचं ते थोडक्यात. डोकं लांब आणि अरुंद, कपाळाच्या मधोमध खोबणीसारखी रेघ. शिंगं बुडाला जवळजवळ, मागे वळून धनुष्यासारखी वर जाणारी, टोकदार. कान लहान आणि टोकदार. कातडी अंगाला घट्ट, पोळी आणि बेंबीखालची घडी लोंबती नको. लोंबती पोळी दिसली की दुसऱ्या रक्ताची शंका येते. वशिंड भरीव, एका बाजूला कललेलं नको. शेपटीचा गोंडा काळा.

रंगावरून मात्र डोळे झाकून गुण कापू नका. आटपाडी महालाकडची जनावरं पांढरी, म्हसवडकडच्या वळूंच्या खांद्या-मांड्यांवर करडी-काळसर छटा, तापी खोऱ्यातल्या थिल्लारीचं नाक आणि खूर गाजरी. सगळी खिलारच. आणि वासरांचं सांगायचं तर जन्मताना डोक्यावर तांबूस टिळा असतो, तो दोन-तीन महिन्यांत जातो. तो बघून 'मिश्र जात' म्हणणारे परीक्षक असतात, त्यांना आधी सांगून ठेवा.

चाल नीट बघायला तीस मीटर सपाट माती हवी, वर हलकं पाणी मारलेली. जनावर सैल कासऱ्यावर चालवायचं. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात किंवा किंचित पुढे पडला तर चाल लांब आणि सरळ. ठसा मागे राहिला तर पाऊल आखूड. बहुधा मागचा पाय फार सरळ तरी असतो नाहीतर खूर वाढलेला असतो. मागून बघताना टाचा आत वळलेल्या दिसल्या तर गुण कापा. बाजूने बघताना मागचा पाय कोयत्यासारखा वाकलेला असेल तर जास्त कापा. असा पाय वयाबरोबर खचत जातो आणि वळूचा हा दोष वासरात उतरू शकतो. डांबरी रस्त्यावर किंवा मॅटवर चाल बघू नका, खुराचा ठसाच मिळत नाही.

भांडुपचा_हिशेबनीस

तिसऱ्या प्रश्नाचं. बेरजेत काय होतं ते आकड्यात बघा.

वळू क्र. ७: पहिल्या परीक्षकाचे ८२, दुसऱ्याचे ८१, तिसऱ्याचे ७०. बेरीज २३३.
वळू क्र. १२: ८०, ७९, ८८. बेरीज २४७.

दोघांनी ७ नंबरला वर ठेवलं, तरी १२ नंबर चौदा गुणांनी जिंकला. कारण पहिल्या दोघांनी दोन-दोन गुणांचा फरक केला आणि तिसऱ्याने अठराचा. जो परीक्षक गुण लांबवर पसरवतो त्याचंच मत खरं ठरतं. तो लबाडच असेल असं नाही, एखाद्याची सवयच तशी असते. पण निकाल त्याच्या एकट्याच्या हातात जातो.

म्हणून गुणांची बेरीज करूच नका. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचे क्रमांक काढा आणि क्रमांकांची बेरीज करा. कमी बेरीज तो वर.

वसईकर_शेतकरी

हिशेबनीस दादा, क्रमांकांच्या बेरजेतही तोच खड्डा आहे, फक्त थोडा उथळ. तुमच्याच उदाहरणात आठ वळू आहेत असं धरा. पहिल्या दोघांनी ७ नंबरला पहिला आणि १२ नंबरला दुसरा दिला. तिसऱ्याने १२ ला पहिला आणि ७ ला थेट सहावा दिला. आता ७ ची बेरीज १+१+६ म्हणजे ८, आणि १२ ची २+२+१ म्हणजे ५. पुन्हा १२ जिंकला.

यावर उपाय बहुमताचा. तिघांपैकी दोघांनी ज्याला पहिला दिला तो पहिला, संपलं. मग त्याला बाजूला काढायचं, उरलेल्यांचे क्रमांक प्रत्येक परीक्षकाच्या यादीत वर सरकवायचे आणि दुसऱ्यासाठी पुन्हा तेच. तिघांनी तीन वेगवेगळे पहिले दिले तर 'पहिला किंवा दुसरा' कोणाला जास्त जणांनी दिला ते बघायचं. तरीही सारखे असतील तरच क्रमांकांची बेरीज. तीही सारखी आली तर दोन्ही जनावरं परत रिंगणात, एकासमोर एक, आणि तिघांनी हात वर करून मत द्यायचं.

हे कागदावर लांब वाटतं, पण साठ जनावरांना एक माणूस वही घेऊन बसला तर एका गटाला पाच मिनिटं पुरतात.

भांडुपचा_हिशेबनीस

बरोबर आहे तुमचं. बहुमताचा नियमच घ्यावा, माझी सूचना मागे घेतो. एक जोड देतो: एका गटात एकाही परीक्षकाने दोन जनावरांना सारखे गुण द्यायचे नाहीत, हे त्यांना आधी सांगा. सारखे गुण आले की क्रमांक काढता येत नाही आणि मग कोणीतरी मांडवात बसून 'अर्धा गुण वाढवा' म्हणतो. गुणपत्रक भरल्यावर खाडाखोड नको. केलीच तर परीक्षकाची सही बाजूला हवी. आणि परीक्षकांनी एकमेकांशी बोलायचं नाही, तिघं रिंगणाच्या तीन बाजूंना.

माणदेशी_झवेरीबाजार

फार उपयोगी, आभारी आहे. डॉक्टरसाहेब, वजनालाही बक्षीस द्यावं का? गावात मोठा काटा साखर कारखान्याच्या रस्त्यावर आहे, तिथे गाडीवर वजन होतं. नाहीतर टेपने मोजायचं असं काहींचं म्हणणं.

परळ_पशुवैद्य

खिलारला वजनाचं बक्षीस नको असं माझं स्पष्ट मत आहे. ही ओढकामाची आणि वेगाची जात. वजनाला बक्षीस लावलं की लोक सरकी पेंड चढवतात, पोट आणि चरबी वाढते, पाय तेच राहतात. दोन वर्षांत रिंगणात जड आणि मंद जनावरं दिसायला लागतील.

तरी नोंदीसाठी वजन हवं असेल तर दोन्ही पद्धतींच्या मर्यादा सांगतो.

गाडीच्या काट्यावर वजन दहा-दहा किलोच्या टप्प्यात येतं. गाडी भरलेली आणि रिकामी, दोन वेळा मोजायची, म्हणजे चूकही दोनदा. त्यात डिझेल, चालक आत की बाहेर, चाऱ्याचं पोतं हे सगळं मिसळतं. मोठा बैल एका दमात तीस-चाळीस लिटर पाणी पितो, म्हणजे तेवढेच किलो. वजनाआधी पाणी पाजून आणणं हा जुना प्रकार आहे. उपाय म्हणजे सगळ्यांचं वजन सकाळी एकाच तासात आणि आदल्या रात्रीपासून जनावरं मांडवातच बांधलेली. उपाशी मात्र ठेवायचं नाही.

टेपची पद्धत: जनावर सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ, मान सरळ. छातीचा घेर वशिंडाच्या लगेच मागे, पुढच्या पायांच्या कोपरामागून घ्यायचा. लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या बसण्याच्या हाडापर्यंत. सगळं इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत अंदाजे वजन. घेर ७० आणि लांबी ५८ असेल तर ४९०० गुणिले ५८ म्हणजे २,८४,२००. भागिले ६६० म्हणजे साधारण ४३१ किलो. आता टेप एक इंच सैल धरली तर घेर ७१ आणि वजन ४४३. एका इंचाला साधारण बारा किलो. या चुकीवर नंबर ठरवायचा का ते तुम्हीच बघा.

ऐरोलीचा_वाचक

चौथा प्रश्न राहिला. बीफ शोचे नियम इथे जसेच्या तसे चालणार नाहीत. ते कुठे उपयोगी आणि कुठे निरुपयोगी हे कळायला ते कशासाठी बनले ते आधी बघावं लागतं.

तिथे दोन वेगळ्या स्पर्धा असतात. पैदाशीच्या जनावरांची, आणि मांसासाठी वाढवलेल्या खच्ची खोंडांची, ज्यांना स्टिअर म्हणतात. दुसऱ्या स्पर्धेत प्रश्न एकच: या जनावराचं धड (कत्तलीनंतर सोलून उरलेलं मांस-हाडांचं शरीर) किती आणि कसलं निघेल? म्हणून परीक्षक मांसलता, चरबीचा थर, सांगाडा आणि एकूण तोल बघतो. अमेरिकेत कत्तलीनंतर धडाचीही प्रत काढतात. बाराव्या आणि तेराव्या बरगडीमध्ये काप घेऊन पाठीच्या स्नायूचं क्षेत्रफळ आणि वरच्या चरबीची जाडी मोजतात. उताऱ्याच्या प्रतीचा (धडातून किती मांस निघेल त्याचा) हिशेब असा: २.५० अधिक चरबीची जाडी (इंच) गुणिले २.५, अधिक मूत्रपिंड, कटी आणि हृदयाभोवतीच्या चरबीचा टक्का गुणिले ०.२, अधिक धडाचं वजन (पौंड) गुणिले ०.००३८, वजा स्नायूचं क्षेत्रफळ (चौरस इंच) गुणिले ०.३२. चरबी ०.४ इंच, आतली चरबी २.५ टक्के, धड ८०० पौंड, स्नायू १३ चौरस इंच असेल तर २.५ + १ + ०.५ + ३.०४ − ४.१६ म्हणजे २.८८. दशांश सोडून देतात, म्हणजे प्रत २. एक सगळ्यात चांगली, पाच सगळ्यात वाईट. मांसात चरबीच्या रेषा किती आहेत यावर प्राइम, चॉइस, सिलेक्ट ही वेगळी प्रत.

महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीनंतर गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. त्यामुळे या गुणपद्धतीचा गाभाच इथे नाही. आणि ती कायद्याने चालली असती तरी खिलारला लावणं चूकच. ज्या कामासाठी जात घडली त्या कामाचेच गुण मोजायला हवेत. उस्मानाबादी शेळीच्या प्रदर्शनात मांसलतेचा विचार करता येईल, खिलारात नाही.

पण तिथल्या रिंगणाच्या तीन गोष्टी जरूर उचला.

पहिली, राखीव विजेत्याचा नियम. प्रत्येक गटाचा पहिला आला की त्या सगळ्या पहिल्यांमधून सर्वोत्तम निवडतात. तो निवडला की लगेच त्याच्याच गटातला दुसरा नंबर रिंगणात बोलावतात आणि तो बाकीच्या पहिल्यांबरोबर राखीव विजेतेपदासाठी उभा राहतो. आपल्याकडे हे करत नाहीत. उरलेल्या पहिल्यांतूनच दुसरा निवडतात. समजा प्रदर्शनातली सगळ्यात चांगली दोन जनावरं एकाच गटात आली, तर त्यातलं एक कायमचं मागे राहतं आणि त्याच्यापेक्षा हलकं जनावर उपविजेतं ठरतं.

दुसरी, तोंडी कारणं. तिथे बहुधा एकच परीक्षक असतो आणि तो नंबर लावल्यावर माईकवर सांगतो: पहिल्याला दुसऱ्यावर का ठेवलं, दुसऱ्याला तिसऱ्यावर का. नेहमी जोडीजोडीने. 'पहिल्याची छाती दुसऱ्यापेक्षा खोल आहे, पाऊल लांब पडतं. दुसऱ्याची शिंगं जास्त चांगली आहेत हे मान्य, पण मागच्या टाचा आत आहेत.' हरलेल्याचं चांगलं काय तेही सांगतात. तीन परीक्षक ठेवलेत तरी एकाने हे सांगावं. मालकाला कारण कळलं की वाद अर्धा होतो, आणि पुढच्या वर्षी कुठला वळू लावायचा तेही त्याला कळतं.

तिसरी, परीक्षक तयार करायची पद्धत. चार जनावरं उभी करतात. जाणकार त्यांचा खरा क्रम ठरवतो आणि लगतच्या प्रत्येक जोडीतल्या फरकाला आकडा देतो. फरक ढळढळीत तर मोठा आकडा, निसटता तर लहान. शिकाऊ माणसाचे पन्नास गुण धरतात आणि त्याने उलटवलेल्या प्रत्येक जोडीचे आकडे त्यातून वजा करतात.

समजा खरा क्रम ३-१-४-२ आणि फरक २, ५, ३. शिकाऊने १-३-२-४ लावला. त्याने ३ आणि १ ची जोडी उलटवली, २ गेले. ४ आणि २ ची उलटवली, ३ गेले. पन्नासातून पाच वजा, ४५. दुसऱ्याने ४-३-१-२ लावला. त्याने ३-४ ची जोडी उलटवली. त्या दोघांमधला फरक २+५ म्हणजे ७. १-४ ची उलटवली, ५. बारा वजा, ३८. निसटत्या फरकात चुकणाऱ्याला थोडी शिक्षा, उघड फरकात चुकणाऱ्याला मोठी. गावातली होतकरू पोरं अशी चार-पाच वेळा बसवलीत तर दोन वर्षांत घरचे परीक्षक तयार होतील.

परळ_पशुवैद्य

ऐरोलीकरांनी छान मांडलंय. त्याला जोडून तिथलीच आणखी एक गोष्ट, जी आपल्याला स्वस्तात करता येते: नाकाचा ठसा. गायबैलाच्या नाकावरच्या रेषा माणसाच्या अंगठ्यासारख्या प्रत्येकाच्या वेगळ्या. नाव नोंदवताना ठसा घेतात आणि रिंगणाच्या दिवशी जुळवतात, म्हणजे जनावर बदलता येत नाही. नाक कापडाने कोरडं करायचं (ते लगेच पुन्हा ओलं होतं, म्हणून झटपट), शिक्क्याच्या पॅडवर दाबायचं आणि जाड कार्ड खालून वर गोलाईत फिरवायचं. दोन-तीन ठसे घ्या, एक तरी स्वच्छ येतो. शाई जास्त झाली की रेषा भरून जातात. कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचा नंबर त्याच कार्डावर लिहायचा. महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराच्या वाहतुकीला परवानगी नाही, त्यामुळे बिल्ला नसलेलं जनावर मुळात घेऊच नका.

बाद करण्याचे नियमही छापा. शिंगं तासून बाक बदललेला, खुराला किंवा केसाला रंग लावलेला (कापसाला स्पिरिट लावून घासलं की उतरतो), एक किंवा दोन्ही वृषण खाली न उतरलेला वळू, लंगडं जनावर, गुंगीचं औषध किंवा दारू पाजलेलं. शिंगाला बेगड, हिंगूळ, गळ्यात घुंगरं, अंगावर झूल, हे सगळं मिरवणुकीत हवंच, खिलारची शोभाच ती. पण परीक्षणाच्या वेळी झूल उतरवलेली आणि शिंगं उघडी हवीत. झुलीखाली कंबर दिसत नाही. रिंगणात पुराणी (टोचायची काठी), चाबूक, शेपूट पिरगाळणं बंद. ज्याला हे केल्याशिवाय जनावर चालत नाही त्याचे स्वभावाचे पाच गुण तिथेच गेले.

वृषणाचा घेर मोजायचा असेल तर मोजा, पण परदेशी जातींचे किमान आकडे इंटरनेटवरून घेऊन लावू नका. पंधरा महिन्यांपर्यंत ३० सेंटिमीटर, दोन वर्षांवर ३४, हे तिथल्या जड जातींसाठी आहेत. खिलारमध्ये दोन्ही बाजू सारख्या, खाली उतरलेल्या आणि हाताला टणक लागतात का एवढं बघा.

वसईकर_शेतकरी

आजारांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. लाळ्या-खुरकूत आणि लम्पी या दोन्हींची लस प्रदर्शनाच्या किमान एकवीस दिवस आधी झालेली हवी. आठ दिवस आधी टोचून आणलेल्याला अजून पुरेशी प्रतिकारशक्ती आलेली नसते. लसीची नोंद बिल्ल्याच्या नंबरवर बघता येते. २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यभर बाजार आणि प्रदर्शनं बंद झाली होती, ते आठवून तरी सामाईक पाण्याचा हौद ठेवू नका. प्रत्येकाची बादली प्रत्येकाची, दावंही. नोंदणीच्या टेबलाआधी डॉक्टरांनी अंगावर गाठी, तोंडात फोड आणि ताप बघायचा. ताप असेल तर गाडीतून उतरवायचंच नाही. घरी परतल्यावर आलेलं जनावर निदान तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं.

आणि गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरं भरून आणू नयेत, १९७८ च्या वाहतूक नियमात तशी मर्यादा आहे. तोंडं इंजिनाकडे, खाली वाळू किंवा भुसा, नाहीतर घाटात पाय सरकतात आणि जनावर रिंगणात लंगडत उतरतं.

माणदेशी_झवेरीबाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी लालबागला मंडळाची बैठक आहे, तिथे हा मसुदा ठेवतो. बहुमताचा नियम, दाताचं वाक्य, राखीव विजेता, नाकाचा ठसा, वजनाचं बक्षीस रद्द. शेवटची एक शंका: परीक्षकांना मालकाचं नाव कळू नये म्हणून क्रमांकाचा बिल्ला जनावराच्या गळ्यात बांधावा की मालकाच्या छातीवर?

परळ_पशुवैद्य

धरणाऱ्याच्या पाठीवर आणि छातीवर, दोन्हीकडे, कापडी, वीतभर आकडा. गळ्यातला बिल्ला पोळी झाकतो आणि हलत राहतो. परीक्षकाला फक्त क्रमांकांची यादी द्यायची, नावांची वही निकाल लागेपर्यंत नोंदणीच्या टेबलावर. आणि रिंगणात जनावर मालकानेच धरायला हवं असं नाही, हेही लिहा. नावाजलेला मालक स्वतः कासरा धरून उभा राहिला की क्रमांकाच्या बिल्ल्याचा काही उपयोग उरत नाही. धरणारा बदलायची मुभा द्या, आणि परीक्षक तालुक्याबाहेरचे बोलवा.